विश्वासाची ओहोटी : अमेरिकेचे तीन अध्यक्ष

लोकशाहींत राज्यकर्त्यांवर लोकांनीं विश्वास ठेवावा कीं ठेवूं नये, हा प्रश्न वरवर पाहतां शाळेंतील वादविवादाचा वाटतो. परंतु अमेरिकेच्या इतिहासांत एक दशक असें येऊन गेलें कीं, त्या दशकांत हा प्रश्न पुस्तकांतून उठून थेट न्यायालयांत, घराघरांतील दूरचित्रवाणीच्या पडद्यावर आणि शेवटीं पेट्रोलच्या पंपापुढें लागलेल्या रांगांत येऊन उभा राहिला. मी आज बोलणार आहें तें १९७० ते १९८० या दहा वर्षांविषयीं, आणि त्या काळांत अध्यक्षपदीं बसलेल्या तीन गृहस्थांविषयीं : रिचर्ड निक्सन, जेराल्ड फोर्ड आणि जिमी कार्टर. तिघांचे स्वभाव तीन तऱ्हांचे. पहिले बुद्धिमान् पण संशयी, दुसरे सरळ आणि साधे, तिसरे सत्याचे आग्रही आणि थोडेसे हट्टी. तिघांच्याहि हातून लोकांचा विश्वास निसटला. पण तिघांच्या बाबतींत कारणें अगदीं निराळीं होतीं.

मिशिगन विद्यापीठांतील संशोधक १९५८ सालापासून निवडणुकींच्या वेळीं अमेरिकन मतदारांना एक साधा प्रश्न विचारूं लागले : वॉशिंग्टनचें सरकार योग्य तेंच करील, असा भरंवसा तुम्हांला कितपत वाटतो? १९६४ सालीं शेंकडा सुमारें ७७ जणांनीं 'नेहमीं' किंवा 'बहुतेक वेळां' असें उत्तर दिलें. दहा वर्षांनीं, १९७४ सालीं, असें म्हणणारे शेंकडा ३६ उरले, आणि १९८० सालीं ते २५ च्या आसपास आले. एखाद्या पेढीच्या ठेवी सोळा वर्षांत अशा आटल्या असत्या तर त्या पेढीला टाळें लागलें असतें. राज्याला टाळें लागत नाहीं. तें चालूच राहतें. फक्त त्याच्या शब्दाची किंमत उतरते.

परंतु हे आंकडे वाचतांना थोडी सावधगिरी बाळगावयास हवी. ७७ हा आंकडा आरोग्याचा आणि २५ हा रोगाचा, असें आपण सहज धरून चालतों. १९६४ च्या ऑगस्टमध्यें काय झालें तें पाहा. उत्तर व्हिएतनामच्या नौकांनीं टोंकिनच्या आखातांत अमेरिकन युद्धनौकांवर दोन वेळां हल्ला केला, असें त्या वेळचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनीं राष्ट्राला सांगितलें. पहिला हल्ला खरा होता. दुसरा झालाच नव्हता, हें आतां निर्विवाद ठरलें आहे. त्या बातमीच्या जोरावर जॉन्सन यांनीं लढाईचा जवळजवळ कोरा अधिकार मागितला, आणि प्रतिनिधिसभेनें तो ४१६ विरुद्ध शून्य व सीनेटनें ८८ विरुद्ध २ मतांनीं देऊनहि टाकला. म्हणजे ज्या वर्षीं विश्वासाला भरती आली होती त्याच वर्षीं त्याचा दुरुपयोग झाला. पुढें व्हिएतनामांत ५८ हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक आणि लक्षावधि व्हिएतनामी माणसें मृत्युमुखीं पडलीं. १९७१ सालीं डॅनियल एल्सबर्ग यांनीं संरक्षण खात्यानें तयार करविलेला या युद्धाचा गुप्त इतिहास वर्तमानपत्रांच्या हातीं दिला, आणि १३ जूनपासून तो 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्यें छापून येऊं लागला. तेव्हां लोकांना कळलें कीं, एकामागून एक चार अध्यक्षांच्या कारकीर्दींत सभेंत एक सांगितलें जात होतें आणि कचेरींत दुसरेंच लिहिलें जात होतें. सरकारनें छपाई थांबविण्याचा यत्न केला. सर्वोच्च न्यायालयानें ३० जून रोजीं ६ विरुद्ध ३ मतांनीं तो मोडून काढला. तेव्हां अमेरिकन माणसाचा विश्वास उडाला असें म्हणण्यापेक्षां त्याचे डोळे उघडले असें म्हणणें अधिक न्यायाचें होईल. निदान आरंभीं तरी.

आतां निक्सन. कॅलिफोर्नियांतील एका किराणा दुकानदाराचा हा मुलगा. १९६० सालीं केनेडींकडून थोडक्या मतांनीं पराभूत झाला, १९६२ सालीं स्वतःच्या राज्याचें गव्हर्नरपदहि त्याला मिळालें नाहीं, आणि तरीहि १९६८ सालीं अध्यक्ष झाला. एवढी चिकाटी क्वचित् दिसते. त्यांच्या कर्तृत्वाबद्दल वाद नाहीं. चीनशीं तुटलेले संबंध त्यांनीं १९७२ सालीं स्वतः पेकिंगला जाऊन जोडले. पर्यावरणाच्या रक्षणासाठीं स्वतंत्र खातें त्यांच्याच कारकीर्दींत, १९७० सालीं, निघालें. पण या मनुष्याला जिंकतां येई, जिंकल्यावर स्वस्थ बसतां येत नसे. विरोधकांच्या याद्या करणें, त्यांच्यामागें कर वसूल करणाऱ्या खात्याचा ससेमिरा लावण्याच्या युक्त्या योजणें, गुप्त बातम्या फोडणाऱ्यांना हुडकण्यासाठीं आपल्याच कचेरींत एक टोळी पोसणें, असले उद्योग त्यांच्या भोंवतीं सतत चालत. त्याच टोळीनें एल्सबर्ग यांच्या मानसरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यांत १९७१ च्या सप्टेंबरांत घरफोडी केली.

निक्सन यांच्या या दुहेरी कारभाराचा अनुभव आपणां हिंदी लोकांना अमेरिकन जनतेच्याहि आधीं आला, असें म्हणावयास हरकत नाहीं. १९७१ सालीं पूर्व बंगालमध्यें कत्तल चालली असतां डाक्क्याचे अमेरिकन प्रतिनिधि आर्चर ब्लड आणि त्यांचे सहकारी यांनीं एप्रिलमध्येंच आपल्या सरकारच्या मौनाचा निषेध करणारी तार पाठविली. ब्लड यांना त्याचें बक्षीस म्हणून तेथून हलविण्यांत आलें. डिसेंबरांत युद्ध पेटलें तेव्हां वॉशिंग्टन तोंडानें तटस्थतेची भाषा बोलत होतें. प्रत्यक्षांत बंद दाराआडच्या बैठकींत हेन्री किसिंजर आपल्या अधिकाऱ्यांना बजावीत होते कीं, अध्यक्षांना पाकिस्तानच्या बाजूला कल हवा आहे. 'एंटरप्राइझ' ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे निघाली ती याच सुमारास. त्या बैठकींचीं टिपणें जॅक अँडरसन या पत्रकारानें लगोलग छापलीं आणि त्याबद्दल त्यास पुलित्झर पारितोषिक मिळालें. पुढें निक्सन यांच्या खोलींतील संभाषणें जगापुढें आलीं. त्यांत इंदिरा गांधींविषयीं आणि एकंदर हिंदी लोकांविषयीं जी भाषा आहे ती आकाशवाणीवरून उच्चारण्यासारखी नाहीं.

हीं संभाषणें बाहेर आलीं तरी कशीं? त्यांतच या दशकाचें सारें नाट्य भरलें आहे. १७ जून १९७२ च्या पहाटे वॉशिंग्टनमधील वॉटरगेट नांवाच्या इमारतींत, डेमोक्रॅटिक पक्षाच्या मध्यवर्ती कचेरींत, पांच जण घुसलेले सांपडले. दाराचें कुलूप बसूं नये म्हणून लावलेली चिकटपट्टी रखवालदाराच्या नजरेस पडली. त्यानें ती काढून टाकली. परत फेरीला आला तों पट्टी पुन्हां जागेवर. त्यानें पोलिसांना बोलाविलें. पकडलेल्यांपैकीं एक इसम निक्सन यांच्याच निवडणूक-समितीचा सुरक्षा-अधिकारी निघाला. तरीहि नोव्हेंबरांत निक्सन ५० पैकीं ४९ राज्यें जिंकून पुन्हां अध्यक्ष झाले. चोरी करण्याची मुळीं गरजच नव्हती. निवडणूक त्यांच्या खिशांत होती. संशयी माणसाचा संशय त्याला कोणत्या खड्ड्यांत नेतो याचें याहून बोलकें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

पुढील वर्षीं सीनेटच्या समितीपुढें चौकशी सुरू झाली. तिचे अध्यक्ष सॅम अर्विन हे नॉर्थ कॅरोलायनाचे वृद्ध सीनेटर होते. निक्सन यांचे माजी कायदेसल्लागार जॉन डीन यांनीं जूनमध्यें साक्ष दिली कीं, प्रकरण दडपण्यांत खुद्द अध्यक्षांचा हात आहे. पण एकाचा शब्द विरुद्ध दुसऱ्याचा शब्द. आणि दुसरा अध्यक्षाचा. प्रकरण तेथेंच थांबलें असतें. १६ जुलै १९७३ रोजीं अलेक्झांडर बटरफील्ड नांवाच्या एका माजी सहायकानें विचारलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर दिलें : होय, अध्यक्षांच्या कचेरींत सर्व संभाषणें आपोआप ध्वनिमुद्रित होत असतात. हीं यंत्रें १९७१ च्या फेब्रुवारीपासून चालू होतीं. निक्सन यांनीं तीं इतिहासासाठीं बसविलीं होतीं, आणि इतिहासानें तीं खरोखरच वापरलीं!

तेथून पुढें वर्षभर एकच झगडा : फिती कोणाच्या? खास सरकारी वकील आर्चिबाल्ड कॉक्स यांनीं त्या मागितल्या. २० ऑक्टोबर १९७३ च्या शनिवारीं रात्रीं निक्सन यांनीं कॉक्स यांना काढून टाकण्याचा हुकूम सोडला. न्यायखात्याचे प्रमुख इलियट रिचर्डसन यांनीं तो पाळण्याऐवजीं राजीनामा दिला; त्यांच्या हाताखालच्या विल्यम रकेल्सहाउस यांनींहि नकार दिला; तिसऱ्या क्रमांकाच्या रॉबर्ट बोर्क यांनीं तो अमलांत आणला. लोकांच्या तारांचा वॉशिंग्टनवर पाऊस पडला. त्याच महिन्यांत उपाध्यक्ष स्पायरो अ‍ॅग्न्यू करचुकवेगिरीच्या खटल्यांत सांपडून राजीनामा देऊन गेले होते, तें वेगळेंच. मग एका फितींत साडेअठरा मिनिटांची पोकळी सांपडली. चिटणीस बाईंनीं आपला पाय चुकून यंत्राच्या पायट्यावर राहिला असावा असें सांगितलें. न्यायालयानें नेमलेल्या तज्ज्ञांनीं मात्र ती पोकळी एकदां नव्हे, निदान पांच वेळां पुसल्याचें सांगितलें.

१९७४ च्या एप्रिलअखेर निक्सन यांनीं फितींऐवजीं संभाषणांच्या छापील प्रती प्रसिद्ध केल्या. हजार-बाराशें पानांचें बाड. अध्यक्षांच्या तोंडची शिवी आली कीं तेथें 'अपशब्द वगळला' असें छापलेलें. हा शब्दप्रयोग महिनाभर साऱ्या देशाच्या तोंडीं झाला. माझ्या मतें निक्सन यांचा खरा पराभव या पानांनीं केला. गुन्हा सिद्ध होण्यास अद्याप अवकाश होता. पण ज्या खोलींत लिंकन, रूझवेल्ट यांच्या वारशाचें चिंतन चालत असेल अशी लोकांची कल्पना, तेथें कोणाला किती पैसे चारावे आणि कोणीं किती खोटें बोलावें याचा हिशेब चाललेला त्यांनीं स्वतःच्या डोळ्यांनीं वाचला. चर्चमध्यें जाणाऱ्या, निक्सन यांना तीन तीन वेळां मत दिलेल्या कुटुंबांना हें सोसलें नाहीं.

२४ जुलै रोजीं सर्वोच्च न्यायालयानें फिती द्याव्या असा निकाल ८ विरुद्ध शून्य मतांनीं दिला. त्या आठांपैकीं तिघे, मुख्य न्यायाधीश बर्गर धरून, निक्सन यांनींच नेमलेले होते. या एका गोष्टीसाठीं मला त्या निकालाचें फार कौतुक वाटतें. प्रतिनिधिसभेच्या न्यायसमितीनें महाभियोगाचें पहिलें कलम २७ विरुद्ध ११ मतांनीं संमत केलें, आणि त्यांत निक्सन यांच्याच पक्षाचे सहा सभासद होते. या समितींत टेक्सासच्या बार्बरा जॉर्डन ह्या कृष्णवर्णीय बाई बोलल्या. राज्यघटना लिहिली गेली तेव्हां तिच्यांतील 'आम्ही लोक' या शब्दांत आपला समावेश नव्हता, याची आठवण देऊनच त्यांनीं त्या घटनेवरील आपली निष्ठा सांगितली. ५ ऑगस्टला २३ जून १९७२ ची फीत बाहेर आली. चोरीनंतर सहाच दिवसांनीं, हेरखात्याच्या नांवाखालीं पोलिसी तपास थांबवावा, या बेताला अध्यक्षांनीं दिलेली संमति तींत स्पष्ट होती. ९ ऑगस्ट १९७४ रोजीं दुपारीं बाराला निक्सन यांचा राजीनामा अमलांत आला.

यंत्रणा यशस्वी झाली, असें तेव्हां पुष्कळांनीं म्हटलें. न्यायालय, कायदेमंडळ, वर्तमानपत्रें यांनीं आपापलें काम केलें हें खरेंच. पण यंत्रें बसविलीं नसतीं तर? किंवा तो रखवालदार दुसऱ्या फेरीस गेला नसता तर? हा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

जेराल्ड फोर्ड हे पंचवीस वर्षें प्रतिनिधिसभेंत बसलेले मिशिगनचे सभासद. ना अध्यक्ष म्हणून निवडून आलेले, ना उपाध्यक्ष म्हणून. अ‍ॅग्न्यू गेल्यावर २५ व्या घटनादुरुस्तीप्रमाणें त्यांची नेमणूक झाली आणि निक्सन गेल्यावर ते आपोआप वर चढले. राष्ट्राचें दीर्घ दुःस्वप्न संपलें, असें त्यांनीं शपथेच्या दिवशीं सांगितलें आणि लोकांनीं सुटकेचा श्वास सोडला. एक महिना हा मधुचंद्र चालला. ८ सप्टेंबरला, रविवारीं सकाळीं, फोर्ड यांनीं दूरचित्रवाणीवर येऊन निक्सन यांना अध्यक्षपदाच्या काळांतील सर्व अपराधांबद्दल, सिद्ध झालेल्या आणि न झालेल्या, संपूर्ण क्षमा जाहीर केली. फोर्ड यांची लोकप्रियता ७१ वरून एकदम ५० च्या आसपास घसरली. त्यांचे स्वतःचे वृत्त-चिटणीस त्याच दिवशीं राजीनामा देऊन बाहेर पडले.

या क्षमेविषयीं दोन्ही बाजूंनीं बोलण्यासारखें पुष्कळ आहे, आणि मला वाटतें हाच या दशकाचा खरा मध्यबिंदु होय. फोर्ड यांचें म्हणणें असें कीं, खटला उभा राहण्यासच कित्येक महिने, कदाचित् वर्षें लागतील. तोंवर देश दुसऱ्या कशाकडे पाहणार नाहीं. महागाई, बेकारी, व्हिएतनाम सारें बाजूला पडेल. म्हणणें खोटें नव्हतें. निक्सन यांनीं पद सोडण्याच्या बदल्यांत हा सौदा आधींच ठरला होता, असा आरोप झाला. त्याला उत्तर देण्यास फोर्ड १७ ऑक्टोबरला स्वतः प्रतिनिधिसभेच्या उपसमितीपुढें जाऊन बसले, आणि सौदा मुळींच झाला नाहीं, असें निक्षून सांगते झाले. विद्यमान अध्यक्षानें असें साक्षीला बसणें ही सामान्य गोष्ट नव्हे. सौद्याचा पुरावा पुढेंहि कोणास सांपडला नाहीं.

पण दुसरी बाजू पाहा. १ जानेवारी १९७५ रोजीं निक्सन यांचे उजवे-डावे हात, हॉल्डमन, अर्लिकमन आणि माजी न्यायप्रमुख मिचेल, दोषी ठरले आणि पुढें तुरुंगांत गेले. हुकूम पाळणारे कोठडींत आणि हुकूम देणारा कॅलिफोर्नियाच्या समुद्रकांठीं आपल्या बंगल्यांत. हें दृश्य पाहून सामान्य माणसानें कायद्यापुढील समतेविषयीं काय समजावें? क्षमा स्वीकारतांना निक्सन यांनीं चुका झाल्याचें मान्य केलें, अपराध मात्र मान्य केला नाहीं. क्षमेचा स्वीकार म्हणजे अपराधाची कबुली, असा १९१५ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा एक अभिप्राय होता, आणि त्याचें कात्रण फोर्ड पुढें आयुष्यभर पाकिटांत बाळगीत असत. पाकिटांतील कात्रणानें त्यांच्या मनाचें समाधान झालें असेल. देशाचें झालें नाहीं. क्षमा करूं नये असें माझें म्हणणें नाहीं. कबुलीच्या आधीं, फारसा विचारविनिमय न करतां, रविवारच्या सकाळीं ती उरकून टाकली, येथें फोर्ड यांचें चुकलें असें मला वाटतें. आरोपपत्र तयार होऊं दिलें असतें, गुन्ह्याची नोंद न्यायालयाच्या दप्तरांत पडूं दिली असती, आणि मग क्षमा केली असती, तर तिला दया म्हणतां आलें असतें.

कारण न सुटलेला प्रश्न मरत नाहीं. १९७७ च्या मे महिन्यांत दाखविल्या गेलेल्या, डेव्हिड फ्रॉस्ट यांना दिलेल्या मुलाखतींत निक्सन यांनीं बेधडक सांगितलें कीं, अध्यक्षानें केलेली गोष्ट बेकायदेशीर होऊंच शकत नाहीं. लोक हंसले. माजी अध्यक्षावर फौजदारी खटला चालूं शकतो काय, याचा निर्णय मात्र कोणत्याहि न्यायालयानें दिलेला नव्हता, कारण फोर्ड यांनीं ती वेळच येऊं दिली नाहीं. तो प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें आला तो ट्रम्प यांच्या प्रकरणांत. १ जुलै २०२४ रोजीं ६ विरुद्ध ३ मतांनीं निकाल झाला कीं, घटनेनें अध्यक्षाकडेच सोपविलेल्या अधिकारांतील कृत्यांबद्दल त्याला पूर्ण संरक्षण आहे, इतर अधिकृत कृत्यांबद्दलहि निदान सकृद्दर्शनीं आहे, खासगी कृत्यांबद्दल नाहीं. अल्पमतांतील न्यायाधीशांनीं फोर्ड यांच्या क्षमेचाच दाखला दिला : खटल्याची भीति नव्हती तर क्षमेची गरज कशास होती?

असो. फोर्ड यांच्या उरलेल्या दोन वर्षांत विश्वास वाढण्यासारखें थोडेंच घडलें. ३० एप्रिल १९७५ रोजीं सायगाव पडलें. सीनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीनें हेरखात्याचीं कपाटें उघडलीं, तेव्हां परकीय पुढाऱ्यांच्या खुनाचे बेत, स्वदेशीय नागरिकांचीं उघडलेलीं पत्रें आणि मार्टिन लूथर किंग यांच्यामागें लावलेली पाळत बाहेर पडली. त्यांत दोन्ही पक्षांच्या अध्यक्षांचा वांटा होता. महागाईवर फोर्ड यांनीं उपाय काढला तो छातीवर लावण्याच्या बिल्ल्यांचा. त्यावर तीन इंग्रजी आद्याक्षरें होतीं, आणि महागाईनें तीं वाचलीं नसावींत.

१९७६ च्या निवडणुकींत जिमी कार्टर उभे राहिले ते नेमके या निराशेच्या बळावर. जॉर्जिया राज्यांतील प्लेन्स या खेड्याचे भुईमुगाचे व्यापारी, एकदां त्या राज्याचे गव्हर्नर. वॉशिंग्टनशीं आपला संबंध नाहीं हीच त्यांची मोठी लायकी ठरली. मी तुमच्याशीं कधीं खोटें बोलणार नाहीं, हें त्यांचें वचन. शेंकडा ५०.१ मतें मिळवून ते निवडून आले. त्यांच्या घराण्याचा आपल्या मुंबईशीं एक संबंध आहे, तो सांगितल्यावांचून राहवत नाहीं. त्यांच्या मातुःश्री लिलियन कार्टर ह्या परिचारिका. वयाच्या ६८ व्या वर्षीं त्या 'पीस कोअर'मध्यें दाखल झाल्या आणि १९६६ ते १९६८ या काळांत विक्रोळीच्या गोदरेज वसाहतींत रुग्णसेवा करीत राहिल्या. मुलगा अध्यक्ष होईल हें तेव्हां विक्रोळींत कोणाच्या स्वप्नांतहि नसेल.

कार्टर यांनीं २० जानेवारी १९७७ रोजीं शपथ घेतल्यावर मोटार सोडून पत्नीसह पायीं वाट चालली, अध्यक्षांची शाही नौका विकून टाकली, आणि लोकरी बंडी घालून राष्ट्राशीं भाषण केलें. नुसतीं प्रतीकेंच नव्हतीं. सरकारी अधिकाऱ्यांच्या मिळकतीची जाहीर नोंद, अनेक खात्यांत स्वतंत्र तपासनीस, अध्यक्षांचीं कागदपत्रें ही राष्ट्राची मालमत्ता, हेरगिरीवर न्यायालयाची देखरेख, हे चारहि कायदे १९७८ सालचे आहेत. विश्वास परत मिळविण्याचा मार्ग भाषणांत नसून दप्तरांत आहे, हें त्यांना कळलें होतें. तरी त्या सत्यवादी माणसालाहि ध्वनिग्राहक यंत्रानें एकदां फसविलेंच, आणि तें दिल्लींत! १९७८ च्या जानेवारींत ते आले असतां अणुइंधनाच्या प्रश्नावर मोरारजी देसाई नमेनात. तेव्हां परत गेल्यावर त्यांना एक थंड आणि रोखठोक पत्र लिहावें, असें कार्टर आपल्या परराष्ट्रमंत्र्यांच्या कानांत बोलले. यंत्र चालूच होतें. सारें जग ऐकत राहिलें.

१९७९ सालीं इराणांत क्रांति झाली, तेलाचे भाव भडकले, आणि उन्हाळ्यांत अमेरिकन मोटारवाले पंपापुढें तासन् तास ताटकळूं लागले. ५ जुलैला कार्टर यांचें भाषण ठरलें होतें, तें त्यांनीं आयत्या वेळीं रद्द केलें आणि ते कॅम्प डेव्हिडच्या डोंगरावर जाऊन बसले. दहा दिवस त्यांनीं गव्हर्नर, धर्मोपदेशक, कामगार-पुढारी, साधेसुधे नागरिक यांना बोलावून त्यांचें ऐकून घेतलें. १५ जुलैच्या रात्रीं ते बोलले. आरंभीं त्यांनीं आपल्यावरचीच टीका वाचून दाखविली. तुम्ही राष्ट्राचें नेतृत्व करीत नाहीं, नुसता कारभार पाहतां, हा एका गव्हर्नरानें मारलेला टोमणासुद्धां गाळला नाहीं. मग ते म्हणाले कीं, देशापुढें संकट आहे तें आत्मविश्वासाचें. माणसाची ओळख तो काय करतो यावरून न होतां त्याच्यापाशीं काय आहे यावरून होऊं लागली आहे, आणि वस्तूंचे ढीग रचून आयुष्याची पोकळी भरत नाहीं. कोणत्याहि देशाच्या प्रमुखानें स्वतःच्या मतदारांना इतकें रोखठोक सांगितल्याचें माझ्या वाचनांत फारसें नाहीं.

आश्चर्य असें कीं, लोकांना तें प्रथम आवडलें! अनुकूल पत्रांचे गठ्ठे आले, लोकप्रियता दहा-अकरा अंशांनीं वाढली. पण दोनच दिवसांनीं कार्टर यांनीं साऱ्या मंत्रिमंडळाचे राजीनामे मागितले आणि पांच जणांना निरोप दिला. सरकारच कोसळत आहे असा लोकांचा ग्रह झाला, आणि आदल्या भाषणाचा अर्थहि उलटा फिरला. त्या भाषणाला पुढें जें 'मरगळी'चें भाषण असें नांव पडलें, तो शब्द त्यांत कोठेंहि नाहीं. वैद्यानें रोगाचें नांव घेतलें आणि रोग्यानें वैद्यालाच रोगाचें कारण ठरविलें, असा हा प्रकार.

येथें आरंभींचा प्रश्न निराळ्या रूपानें पुढें येतो. जॉन्सन आणि निक्सन यांच्यावरचा विश्वास लोकांनीं काढून घेतला तो पुराव्यावरून. पण अविश्वास एकदां अंगवळणीं पडला कीं पुराव्याची वाट पाहत नाहीं. खरें बोलणारा आणि खोटें बोलणारा यांतील भेद तो करीनासा होतो. निक्सन यांच्या कर्जाचें व्याज कार्टर यांना भरावें लागलें. शिवाय लबाड सरकारवरील राग हळूहळू सरकार या वस्तूवरच वळला होता. १९७८ च्या जूनमध्यें कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीं घरपट्टीला कायमची मर्यादा घालणारा ठराव जवळजवळ दोन-तृतीयांश मतांनीं संमत केला, आणि ते वारे पूर्वेकडे वाहूं लागले होते. सरकार हा आपल्या अडचणींवरचा उपाय नसून सरकार हीच अडचण आहे, असें रोनाल्ड रेगन यांनीं १९८१ च्या शपथविधींत सांगितलें तेव्हां तें कोणास नवीन वाटलें नाहीं.

कार्टर यांचा शेवट सर्वांना ठाऊक आहे. ४ नोव्हेंबर १९७९ रोजीं तेहरानचा अमेरिकन वकिलात-वाडा विद्यार्थ्यांनीं व्यापला. ५२ माणसें ४४४ दिवस ओलीस राहिलीं. १९८० च्या एप्रिलमध्यें त्यांना सोडविण्याचा लष्करी प्रयत्न इराणच्या वाळवंटांत फसला आणि आठ सैनिक प्राणांस मुकले. महागाई त्या वर्षीं शेंकडा १३ च्या वर गेली. नोव्हेंबरांत रेगन यांनीं ४४ राज्यें जिंकलीं. ओलिसांचें विमान तेहरानहून उडालें तें २० जानेवारी १९८१ रोजीं, रेगन यांची शपथ होऊन कांहीं मिनिटें लोटल्यावर. दुसऱ्या दिवशीं कार्टर, आतां खासगी नागरिक, त्या माणसांना भेटण्यासाठीं जर्मनींत गेले.

फोर्ड आणि कार्टर यांची गोष्ट मात्र एवढ्यावर संपत नाहीं. १९७६ सालीं एकमेकांविरुद्ध कडाक्यानें लढलेले हे दोघे १९८१ सालीं अन्वर सादात यांच्या अंत्यविधीहून एका विमानांतून परततांना मित्र झाले. २००१ सालीं केनेडी यांच्या नांवाच्या संस्थेनें क्षमेच्या त्याच निर्णयाबद्दल फोर्ड यांना धैर्याचें पारितोषिक दिलें; एके काळीं त्या निर्णयावर कडक टीका केलेले सीनेटर एडवर्ड केनेडी तेथें हजर होते आणि त्यांनीं आपलें मत बदलल्याचें सांगितलें. जो मागें राहील त्यानें दुसऱ्याच्या अंत्यविधींत बोलावें, असें फोर्ड आणि कार्टर यांचें ठरलें होतें. २००७ च्या जानेवारींत कार्टर बोलले, आणि तीस वर्षांपूर्वींच्या आपल्या शपथविधींतील पहिलें वाक्य, देशाच्या जखमा भरून काढल्याबद्दल फोर्ड यांचे आभार मानणारें, त्यांनीं तेथें पुन्हां उच्चारलें. कार्टर २९ डिसेंबर २०२४ रोजीं, वयाच्या शंभराव्या वर्षीं, वारले. ९ जानेवारी २०२५ च्या त्यांच्या अंत्यविधींत फोर्ड यांनीं जिवंतपणीं लिहून ठेवलेलें भाषण फोर्ड यांच्या मुलानें वाचून दाखविलें.